शिवाजी पार्कला रिकामी जागा समजणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
शिवाजी पार्क मैदानाचा कारभार पाहणारे सर्व अधिकारी,
आणि सभा-समारंभांसाठी हे मैदान मागणारे सर्व पक्ष, संस्था व आयोजक

सप्रेम नमस्कार.

यंदाही पावसाळा सरला, मैदानावरचं हिरवं दिसेनासं झालं आणि दुपारचा वारा सुटला की लाल धूळ उठायला लागली. टँकर येतो, पाणी मारून जातो, ऊन त्या पाण्याला तासभरही टिकू देत नाही. तक्रार केली की ‘कायमस्वरूपी तोडगा काढण्याचे काम सुरू आहे’ असं उत्तर मिळतं. ही धूळ इथल्या हवेचाच भाग आहे असं धरून लोक आता खिडक्यांना जाळ्या आणि पडदे लावायला लागले आहेत. मला हे निमूटपणे मान्य करता येत नाही. पत्र उघडपणे लिहिते आहे, कारण बंद पाकिटातली पत्रं एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जातात आणि तिथेच राहतात. शिवाय हे मैदान जितकं माझं, तितकंच हे वाचणाऱ्या प्रत्येकाचं आहे.

मी कुठल्या समितीची पदाधिकारी नाही. रानडे रोडच्या मागच्या गल्लीत, दोन खोल्यांत वाढलेली मुलगी. घरात माणसं भरपूर आणि जागा बेताची, त्यामुळे शिवाजी पार्क हेच आमचं अंगण. लंगडी तिथे, खो-खो तिथे, सायकल शिकताना गुडघे फुटले तेही तिथे. परीक्षेच्या दिवसांत दादा लोक दिव्याच्या खांबाखाली पुस्तक घेऊन कट्ट्यावर बसत, ते पाहून आपणही मोठं झाल्यावर तिथे बसून अभ्यास करायचा अशी माझी स्वप्नं होती. लग्न ठरवताना मुलगा-मुलीला ‘जरा एक फेरी मारून या’ म्हणून पाठवायची रीत आमच्या घरात होती. मी आणि माझे यजमान त्या फेरीतच पहिल्यांदा एकमेकांशी नीट बोललो. वडील निवृत्त झाल्यावर संध्याकाळी कट्ट्यावरच्या ठरलेल्या जागी जाऊन बसत. ते गेल्यानंतर त्यांच्या मित्रांनी ती जागा कितीतरी दिवस मोकळी ठेवली होती. आता नातू तिथे नेटमध्ये बॅट धरायला शिकतो आहे.

आणि माझ्या यजमानांना दमा आहे. डॉक्टरांनी त्यांना सांगितलंय, फिरायला कुठेही जा, पण नोव्हेंबर ते मे पार्कात जाऊ नका. ज्या माणसाने सारा जन्म या मैदानाला फेऱ्या घातल्या, तो आज इमारतीच्या गच्चीवर येरझारा घालतो. या पत्रामागे हेही एक कारण आहे, ते लपवत नाही.

पहिल्यांदा एक मूलभूत गोष्ट सांगते, कारण सगळी गफलत तिथूनच सुरू होते असं मला वाटतं. शिवाजी पार्क रिकामं नाही. मुंबईसारख्या शहरात सुमारे 28 एकर जमीन शंभर वर्षं न बांधता राहते, ती आपोआप राहत नाही. 1925 मध्ये हे मैदान ‘माहीम पार्क’ या नावाने लोकांना खुलं झालं. दोन वर्षांनी, 1927 मध्ये, नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या आग्रहाने त्याला शिवाजी महाराजांचं नाव मिळालं. भोवती घरं उठली, शाळा आल्या, रस्ते झाले. मधली जागा मात्र प्रत्येक पिढीने ठरवून मोकळी ठेवली. ज्यांनी ती ठेवली त्यांना जमिनीचा भाव माहीत नव्हता असं नाही. मुलांना धावायला जागा हवी, आणि ती पैसे न मोजता मिळायला हवी, हे त्यांना कळत होतं.

ही मोकळी जागा दिवसभरात किती कामं करते ते कधी पाहा. पहाटे अंधारात फेऱ्या सुरू होतात. सव्वा किलोमीटरच्या जरा आतबाहेर असलेला तो कट्टा, त्याला लागून चालणारे, पळणारे, काठी टेकत एकच फेरी पुरी करणारे. मग मल्लखांबावरची मुलं. मग क्रिकेट. शिवाजी पार्कचं क्रिकेट बाहेरच्या माणसाला पहिल्यांदा समजतच नाही. एका सामन्याचा सीमारेषेवरचा क्षेत्ररक्षक दुसऱ्या सामन्याच्या पंचाशेजारी उभा असतो, तिसऱ्या सामन्याचा चेंडू दोघांच्या मधून जातो, आणि तरीही प्रत्येकाला आपला चेंडू बरोबर ओळखता येतो. अजित वाडेकर, संदीप पाटील याच गर्दीतून पुढे गेले. रमाकांत आचरेकर सरांनी इथेच स्टंपवर एक रुपयाचं नाणं ठेवून सचिन तेंडुलकरला बाद करायला गोलंदाजांना सांगितलं. कुणी बाद केलं तर नाणं त्याचं, नाही केलं तर सचिनचं. डिसेंबर 2024 मध्ये सरांचं स्मारक पाच नंबरच्या गेटजवळ झालं. मनापासून आनंद झाला. पण त्या स्मारकापासून थोड्याच अंतरावर आज जी मुलं सराव करतात, ती तोंडाला रुमाल बांधून करतात. सरांनी हे एक दिवस तरी खपवून घेतलं असतं का, याचा विचार करा.

आता तक्रारी सांगते.

सर्वात मोठी तक्रार मातीची. क्रिकेटच्या खेळपट्टीची माती चिकण असते. ती पाणी मारून, रोलर फिरवून घट्ट बसवलेली असते, तिथून फारशी धूळ उडत नाही. बाकी मैदानाला धरून ठेवतं ते गवत. गवताची मुळं वरचा थर बांधून ठेवतात. गेल्या दहा-बारा वर्षांत मात्र या मैदानावर सुटी लाल माती पडत गेली. खड्डे पडले की माती, सपाटी बिघडली की माती, कार्यक्रम संपला की माती. तिला बांधून ठेवणारं गवत त्या वेगाने कधी वाढलंच नाही. त्यावरून मंडपाचे ट्रक गेले, हजारो पावलं फिरली की वरच्या थराची भुकटी होते. खालचा थर दाबला जाऊन इतका घट्ट होतो की पावसाचं पाणी मुरत नाही. मग पावसाळ्यात तळी साचतात, नंतर चिखल होतो, आणि तो सुकला की त्याचीच पुन्हा धूळ होते.

त्यात भूगोल आहे. मैदानाच्या पश्चिमेला सावरकर मार्ग ओलांडला, मधली घरं मागे टाकली की समुद्र. दुपारी जमीन तापली की समुद्रावरून वारा येतो आणि मैदानावरची भुकटी उचलून राऊत मार्गावरच्या घरांत आणि त्यामागच्या गल्ल्यांत नेऊन टाकतो. हिवाळ्यातल्या सकाळी वारा पडलेला असतो, तेव्हा ती कुठेच जात नाही. जमिनीलगत, लहान मुलांच्या नाकातोंडाच्या उंचीवर तरंगत राहते. आणि नेमक्या त्याच वेळी मुलं सरावाला आलेली असतात.

उपाय झाले नाहीत असं मी म्हणत नाही. पर्जन्यजल साठवणाऱ्या विहिरी झाल्या, पाण्याचे फवारे झाले, गवत लावण्याच्या योजना झाल्या. आयआयटी मुंबईच्या तज्ज्ञांना विचारलं गेलं. प्रदूषण नियंत्रण मंडळाने वरची माती काढायला सांगितलं. माझा आक्षेप असा आहे की प्रत्येक उपायानंतर पुढच्या उपायाची घोषणा होते आणि आधीचा का फसला हे कुणी सांगत नाही. फवारे किती वेळ चालतात? विहिरींतलं पाणी उन्हाळ्यात मैदानाला पुरतं का? गवत लावलं तर त्यावर पाय पडू नये म्हणून तो तुकडा किती महिने बंद ठेवला होता? नवं गवत मूळ धरायच्या आत त्यावर मंडप पडणार असेल, तर ते लावण्याचा खर्च वायाच जाणार. हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही, कुठलाही माळी सांगेल. खरं तर या मैदानावर वर्षानुवर्षं खेळपट्ट्या सांभाळणारी माणसं आहेत, त्यांना कुणी एकदा बसवून विचारलं असतं तरी बरंच काम झालं असतं.

दुसरी तक्रार कार्यक्रमांची. इथे माझा गैरसमज करून घेऊ नका. सभांना माझा विरोध नाही. माझे वडील संयुक्त महाराष्ट्राच्या सभांना याच मैदानात येत. अत्र्यांचं भाषण ऐकून घरी आले की रात्री उशिरापर्यंत आईला त्यातली वाक्यं म्हणून दाखवत. महाराष्ट्र दिनाचं आणि प्रजासत्ताक दिनाचं संचलन इथे होतं, ते व्हावंच. मोकळ्या मैदानात हजारो माणसांनी एकत्र येऊन काही ऐकणं ही या शहराची चांगली सवय आहे. 2010 मध्ये उच्च न्यायालयाने हा परिसर शांतता क्षेत्र ठरवला. 2016 मध्ये शासनाने वर्षातले 45 दिवस खेळाव्यतिरिक्त कार्यक्रमांसाठी ठरवून दिले. या मर्यादेत राहून कार्यक्रम झाले तर कुणी तक्रार करण्याचं कारण नाही.

पण कार्यक्रम एका संध्याकाळचा असतो आणि मैदान त्याआधी कितीतरी दिवस अडतं. बांबू येतात, लोखंडी सांगाडे येतात, जनरेटर येतात, ट्रक थेट आत येतात. गालिच्यांखाली गवत पिवळं पडतं. सभा संपल्यावर आयोजक खुर्च्या मोजून परत नेतात, खड्डे मात्र मागे ठेवतात. खिळे, तारा, प्लास्टिकच्या पट्ट्या मातीत मिसळून राहतात. त्यावर दुसऱ्या दिवशी मुली अनवाणी खो-खो खेळतात. वर्षातले कोणते दिवस कुणाला दिले आणि उभारणी-उतरवणी धरून खेळ नक्की किती दिवस बंद राहिला, याचा तक्ता मला आजवर एकाही गेटवर दिसलेला नाही. पालक मुलांना घेऊन येतात तेव्हा कळतं की आज नेट बंद.

आयोजकांनो, हा परिच्छेद खास तुमच्यासाठी. तुमच्यापैकी बरेच जण लहानपणी इथे खेळलेले आहेत. व्यासपीठावरून तुम्ही ते अभिमानाने सांगता आणि लोक टाळ्या वाजवतात. तो अभिमान खरा आहे याबद्दल मला शंका नाही. मग मैदान मिळालं होतं तसंच परत करणं हे तुमच्या प्रतिष्ठेचं काम आहे, कंत्राटदाराच्या मर्जीवर सोडायचं काम नाही. अनामत रक्कम जप्त होण्याची वाट कशाला पाहता? सभेला जितके कार्यकर्ते गर्दी आवरायला असतात, त्यातले निम्मे दुसऱ्या दिवशी सकाळी खिळे वेचायला आले तर शिवाजी पार्कचा माणूस तुमचं नाव कायम काढेल.

6 डिसेंबरबद्दल वेगळं लिहिते. महापरिनिर्वाण दिनी चैत्यभूमीवर येणारे लाखो लोक या मैदानात मुक्काम करतात. लांबून, पदरमोड करून, मुलाबाळांना घेऊन, डोक्यावर बोचकी घेऊन येतात, रात्री इथेच आडवे होतात. पुस्तकांच्या दुकानांपुढे जी गर्दी त्या दिवसांत उसळते, तशी मी दुसऱ्या कुठल्या जत्रेत पाहिली नाही. या गर्दीबद्दल आमच्याच भागात काही जण नाक मुरडतात, तेव्हा मला लाज वाटते. मैदान मोकळं ठेवलं ते अशा दिवसासाठीही ठेवलं. धुळीचा सर्वात जास्त त्रास कुणाला होत असेल तर तो त्या रात्री उघड्यावर झोपणाऱ्या लेकराबाळांना आणि म्हाताऱ्या माणसांना. आम्ही निदान खिडकी लावून घेऊ शकतो. तेव्हा धुळीचा प्रश्न म्हणजे आसपासच्या सुखवस्तू रहिवाशांचं रडगाणं, असा जो सूर अधूनमधून लावला जातो, तो बंद करा.

आणखी एक भीती आहे, ती बोलून टाकते. मैदान मोकळं दिसलं की तिथे काहीतरी उभारावं असं कुणाला ना कुणाला वाटतं. फेब्रुवारी 2022 मध्ये लतादीदींना इथेच निरोप दिला. आम्ही सगळे रडलो. लगेच त्यांचं स्मारक मैदानातच करा अशी मागणी उठली, वाद सुरू झाला, आणि अखेर मंगेशकर कुटुंबानेच हा वाद थांबवा असं सांगितलं. त्या कुटुंबाने जो विवेक दाखवला, तो प्रत्येक वेळी कुणीतरी दाखवेलच याची खात्री देता येत नाही. मोठी माणसं या मातीत येऊन गेली म्हणून त्या प्रत्येकासाठी एकेक कोपरा तोडून दिला, तर पुढच्या मोठ्या माणसाला लहानपणी खेळायला जागा उरणार नाही. मैदानाच्या कडेकडेने जे आहे ते आहे. महाराजांचा पुतळा, उद्यान गणेश, स्काऊट हॉल, नाना-नानी पार्क, क्लबांची आवारं, सगळं या भागाच्या आयुष्यात मुरलेलं आहे, त्यातलं काही हलवा असं मी म्हणत नाही. मधे मात्र आता एक वीटही नको.

शेवटची तक्रार थोडक्यात. कोणाला विचारायचं हे कळत नाही. माती एका विभागाची, झाडं दुसऱ्याची, परवानगी तिसऱ्याची, हवा चौथ्याची. कट्ट्याजवळच्या पर्जन्यवृक्षाची फांदी लोंबकळताना दिसली तरी ती कुणाला सांगायची याचा पत्ता लागत नाही.

मागण्या आता स्पष्ट शब्दांत मांडते.

1. शिवाजी पार्कसाठी एकच जबाबदार अधिकारी नेमा. त्याचं पद, कार्यालय आणि भेटीची वेळ प्रत्येक गेटवरच्या फलकावर लिहा.

2. मैदानावर आणखी सुटी माती टाकणं आजपासून थांबवा. वरची माती काढायची, बदलायची की आहे त्याच जागी गवताने बांधायची, यावर तज्ज्ञांनी जे सांगितलं आहे ते सगळं मराठीत लोकांसमोर ठेवा. मग एक निर्णय घ्या आणि तो अर्धवट सोडू नका.

3. गवत तुकड्यातुकड्याने लावा. मैदानाचा एक भाग पावसाळ्याच्या सुरुवातीला बंद करा, मुळं धरेपर्यंत बंदच ठेवा, मग पुढचा भाग घ्या. त्या काळात त्या भागावर कुणालाही, अगदी कुणालाही, मंडपाची परवानगी देऊ नका. खेळणाऱ्यांची थोडी गैरसोय होईल. ती आम्ही सोसू, क्लबांशी बोलू, मुलांची समजूत घालू.

4. गवत येईपर्यंत पाणी मारायचं ते पहाटे आणि दुपारी वारा सुटण्याआधी. भर उन्हात मारलेलं पाणी फुकट जातं. विहिरी, पंप आणि फवारे यांची अवस्था तपासून ती जाहीर करा.

5. खेळाव्यतिरिक्त दिलेल्या 45 दिवसांचा तक्ता वर्षाच्या सुरुवातीला गेटवर लावा. उभारणी आणि उतरवणीचे दिवसही त्यातच मोजा. ट्रकना आत बंदी करा, किंवा निदान त्यांच्या वाटेवर फळ्या टाकायला लावा. मैदान पूर्ववत झालं आहे हे अधिकाऱ्याबरोबर खेळाडूंच्या एका प्रतिनिधीने पाहून सही केल्याशिवाय अनामत परत करू नका.

6. 6 डिसेंबरच्या मुक्कामासाठी आधीच्या आठवड्यात माती दाबून, भिजवून घ्या. झोपण्याच्या जागी जाड अंथरुणं, पुरेसं पाणी आणि स्वच्छ शौचालयं असू द्या.

7. मैदानाजवळ हवेची मोजणी करणारं यंत्र कायमचं बसवा आणि आकडे फलकावर दिसू द्या. धूळ कमी झाली की वाढली, यावर मग वाद घालत बसावं लागणार नाही.

8. मैदानाच्या मध्यभागी नवं बांधकाम, स्मारक, चौथरा किंवा पक्का रस्ता होणार नाही असा ठराव करा.

यातली एकही मागणी अवघड नाही. कितीतरी तर फक्त एका फलकाच्या खर्चात होण्यासारख्या आहेत.

या पत्राचं उत्तर मला घरी पाठवू नका. तारीख आणि सही घालून ते मराठीत लिहा आणि मैदानाच्या प्रत्येक गेटवर लावा, म्हणजे फेरी मारणारा प्रत्येक जण वाचेल. पुढच्या पावसात गवत लावायचं असेल तर मे महिन्यात जमीन तयार व्हायला हवी, आणि त्यासाठी काम मार्चमध्ये सुरू व्हायला हवं. उत्तराची वाट फेब्रुवारीच्या अखेरीपर्यंत पाहीन. तोवर कट्ट्यावर रोज संध्याकाळी या पत्राची प्रत घेऊन बसणार आहे. ज्यांना त्यावर सही करायची असेल त्यांनी यावं.

आपली,
शिवाजी पार्कची एक जुनी रहिवासी
दादर, मुंबई